मेरू उजव्या हाताला

गुरुजी,

तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, तेव्हा उत्तराची घाई नाही. पण तक्रार आहे, आणि ती तुमच्याकडेच करायला हवी. दोष तुमच्या शिकवण्याचा आहे.

लेकीनं एअरमेलनं तिकिटं पाठवली, आम्ही दोघं अमेरिकेला जाऊन आलो. लंडनहून पुढचं विमान पार उत्तरेच्या बर्फावरून जातं हे कळलं, आणि मला तुमचं सोलापुरातलं स्वयंपाकघर आठवलं. तुम्ही पाटावर बसला आहात. ताटात वाटी उपडी घातली आहे, तिच्याभोवती लिंबाची फोड फिरवताय. "हा मेरू, पृथ्वीचं उत्तर टोक. तिथं सूर्य मावळत नाही रे, सहा महिने प्रदक्षिणा घालतो." काकू पळी घेऊन उभ्या. "मेरू सरळ करा की, आमटी गार व्हायलीय." तुम्ही मेरू सरळ केलात आणि मला म्हणालात, "कधी गेलास तिकडे तर डोळ्यांनी बघ आणि येऊन हिला सांग. माझं ही ऐकत नाही." मी हो म्हटलं. सोलापुरात बसून हो म्हणायला काय जातंय?

विमानतळावरच्या मुलीनं आसनांचा तक्ता पुढे केला आणि आपणहून म्हणाली, डावीकडची खिडकी घ्या, देखावा तिकडून दिसतो. मी नकार दिला. लहानपणी देवळात उलटा फिरलो तेव्हा तुम्ही कान पिळून शिकवलं होतंत, देव नेहमी उजव्या हाताला. मेरू तर साक्षात देवांचं घर. उजवी खिडकी घेतली.

शास्त्र चुकलं नाही. मेरू उजवीकडेच राहिला असणार. मला मात्र तासन्‌तास विमानाचा पंख दिसला, आणि पंखाखाली सायीसारखा ढग. सूर्य, डोंगर, फुटलेल्या बर्फाचा समुद्र, सगळं डावीकडे. बायको केव्हाच तिकडे जाऊन उभी राहिली होती.

"अहो, या की हिकडं! सूर्य बुडायलाच तयार नाही. बर्फ निळा दिसायलाय!"

"प्रदक्षिणा अर्धवट सोडत नाहीत."

"प्रदक्षिणा विमान घालतंय. तुम्ही नुसते बसलाय."

परवा काकूंकडे गेलो. आता त्यांना फारसं दिसत नाही. चहा पुढे करून विचारलं, "काय रे, हे म्हणायचे तसंच आहे का तिकडे?"

"अगदी तसंच, काकू. सूर्य बुडायलाच तयार नव्हता. बर्फ निळा."

"मी उगीच हसायची त्यांना," काकू म्हणाल्या. बायको शेजारी चहा पीत होती. तिची वाक्यं मी उचलली, तरी तिनं हूं की चूं केलं नाही. घरी आल्यावरही नाही. यापेक्षा भांडली असती तर बरं.

हे पत्र कपाटातल्या शब्दकोशात ठेवून देणार आहे, तिथं घरातलं कुणी हात लावत नाही. आणि गुरुजी, तक्रारही मागे घेतो. नियमाचं निमित्त होतं. विमानतळावरच्या त्या मुलीचं बरोबर निघालं हे बायकोसमोर कबूल करावं लागलं असतं, म्हणून मी उठलो नाही.