साखर उतरली की देवी यायची

मी, सौ. सरलाबाई हेमकांत चौधरी, राहणार कोरीट, तालुका नंदुरबार, हे मृत्युपत्र कुणाच्याही दबावाखाली न येता लिहिते. मी पूर्ण शुद्धीत आहे. माझ्या शुद्धीवर घरात शंका घेतली जाते, म्हणून आत्ताच डॉक्टरांनी बोट टोचून साखर पाहिली. ती ठीक आहे.

१. मला स्वादुपिंडाचा कर्करोग आहे, फार थोड्यांना होतो तसला. ती गाठ इन्सुलिन सोडत राही. पोट रिकामे असले की साखर उतरे, घाम फुटे, मी थरथरे आणि भलतेच बोले. नवरात्रातल्या उपासात हे हमखास होई. माझे जेठ, म्हणजे यजमानांचे थोरले भाऊ, दोधूदादा यांनी देवी अंगात आली असे ठरवले. प्रसादाचा गूळ तोंडात घालताच मी शांत होई, त्यामुळे सगळ्यांची खात्रीच पटली. बायका ओटी भरायला येऊ लागल्या. शेवटी सुरतेच्या डॉक्टरांनी मला मुद्दाम उपाशी ठेवून रक्त तपासले तेव्हा रोग सापडला. गाठ काढली, पण तोवर रोग यकृतात पोचला होता. आता इंजेक्शनांवर दिवस ढकलते आहे.

२. माहेरहून मिळालेले, माझ्या नावाचे शेत आणि साखर मोजायचे यंत्र माझी मुलगी यामिनी हिला. हा आजार काही घरांत रक्तातून उतरतो, मुलीला तपासा, असे डॉक्टरांनी बजावले आहे. त्यासाठी शेत विकावे लागले तर खुशाल विकावे.

३. अंगात आली की मला ज्यावर बसवत तो देवीचा चौरंग दोधूदादांना. त्यांनी त्यावर स्वतः उपाशीपोटी बसावे.

४. यजमानांना माझे काही देणे नाही. दवाखान्यात मी त्यांनाच ओळखेना, आणि सलाईनमधून साखर जाताच नावाने हाक मारली, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. घरी येऊन भावापुढे अवाक्षर काढले नाही. तो राग मी बरोबर नेणार आहे.

५. यंदा नवरात्रात यामिनीला म्हसावदला, तिच्या सासरी, उपासात घाम फुटला. ती बरळली, गूळ दिल्यावर उठून बसली. दोधूदादा हरखून म्हणाले, "मायनी जागा पोरनी लिधी." आईची जागा लेकीने घेतली म्हणे. सुरतेला चल म्हणून मी पोटच्या पोरीच्या पाया पडले. ती म्हणाली, "माले रोग नही, माय. ती देवी शे." आता मी कुणाच्या पाया पडू?

६. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. हे तसे ठेवू नये. सह्या होताच यजमानांनी म्हसावदला जाऊन यामिनीच्या ओट्यावर, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावे. आजच जावे. उद्या मंगळवार, यामिनीचा उपास आहे.

सही : सरलाबाई हेमकांत चौधरी

आमच्यासमक्ष सही केली :
१. रायसिंग वसावे, शेजारी
२. डॉ. काजल पाडवी

कोरीट, सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५