दोन मोठे निळे, एक लहान

ती. अक्कास,

धाकट्या भावाचा, अजून पुरता न वाळलेला नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना कठडा धरतेस ना? (धरत नसशील. धरते असं लिहिशील आणि मी मानीन.) मी बरा आहे. खोकला आहे, पण तो कालच्या सहलीचा आहे.

तू मागच्या पत्रात विचारलं होतंस की मी इथे मुलाकडे कायमचा राहणार की परत येणार. राहणार असेन तर माझी खोली शेजारच्या शिंपीणबाईंना द्यायची, कारण त्यांची शिलाई मशीन त्यांच्या घरात मावत नाही. प्रश्न सरळ आहे. मुलगा म्हणतो, बाबा, राहा. पण तो कुणालाही राहा म्हणतो. परवा नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही जेवायला राहा म्हणाला. खरं उत्तर सूनबाईकडे आहे, आणि ती माझ्याशी "चहा ठेवू?" आणि "चहा ठेवलाय" एवढंच बोलते. मी दोन्हींना मान हलवतो. म्हणून सहलीत तिच्या मनात काय आहे ते ओळखावं आणि तुला कळवावं, असं मी ठरवलं होतं. काल ते ओळखलं. मग ते चुकीचं निघालं. आता काय धरून चालावं ते कळत नाही. झालं तसं लिहितो.

इथे गावाबाहेर समुद्री प्राण्यांची एक बाग आहे. मोठे तलाव, काचेच्या भिंती, बसायला पायऱ्या. सगळे प्राणी पाण्यातले, त्यामुळे पाऊस पडला म्हणून बाग बंद करत नाहीत. (पाऊस पडतोय हे प्राण्यांना कळतं की नाही, याबद्दल मला शंका आहे. आम्हाला कळत होतं.) दारातच एक मुलगी प्रत्येकाला टोपीचा पायघोळ प्लास्टिकचा झगा देत होती. निळा. सगळ्यांना एकच रंग आणि एकच माप. तो चढवला आणि सगळी गर्दी एका कारखान्यातून निघाल्यासारखी दिसू लागली. माझ्या चष्म्यावर आतून वाफ आणि बाहेरून पाऊस. तो काढून आतल्या खिशात ठेवला. झगा वर असल्यामुळे पुन्हा काढायचा मार्ग राहिला नाही.

मी सगळी नोकरी मालगाडीचा गार्ड म्हणून केली, हे तुला सांगायला नको, पण पुढचं समजायला ते लागेल. गार्ड शेवटच्या डब्यात असतो. पुढचे डबे आहेत तेवढे आहेत ना, हे त्याने बघायचं. डब्यात काय भरलंय, हे बघणं त्याच्याकडे नाही. घरच्यांबरोबर बाहेर पडलो की मी तसाच मागे राहतो आणि मोजतो. (तुझ्याबरोबर बाजारात जातानाही मागेच असायचो. तू एकटीच असायचीस, तरी मोजायचो.) काल पुढे मुलगा, सूनबाई आणि नात. दोन मोठे निळे, एक लहान. सीलच्या तलावापाशी गर्दी झाली. ती फुटल्यावर मी पाहिलं. दोन मोठे, एक लहान. जुळलं. मी मागे निघालो.

इथून माझी गफलत सुरू झाली, पण तेव्हा ती गफलत वाटली नाही, सुधारणा वाटली. नात एरवी माझा हात धरत नाही, काल तिने आपण होऊन माझं बोट धरलं. डॉल्फिनचा खेळ पाहायला बसलो तर सूनबाईने माझी टोपी पुढे ओढली, गळ्याशी नाडी बांधली आणि हातात काहीतरी गरम असलेला पेला दिला. ती काहीतरी बोललीही. पावसाचा आवाज, वर भोंगा, डॉल्फिन उडी मारून आपटला की सगळ्यांची आरडाओरड. मला शब्द लागला नाही. मी मान हलवली. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. अक्का, माझ्या पाठीवरून कुणी हात फिरवल्याला किती काळ झाला, ते तुला माहीत आहे. मी तिथेच ठरवलं. राहायचं. मनातल्या मनात शिंपीणबाईंची मशीन माझ्या खिडकीपाशी मांडूनही टाकली.

मग आम्ही छपराखाली, मोठ्या माशांच्या दालनात गेलो. तिथे सगळ्यांनी टोप्या मागे टाकल्या. मी झगा काढून चष्मा घातला आणि सूनबाईकडे पाहिलं. ती सूनबाई नव्हती. मुलगा मुलगा नव्हता. बोट धरलेली नात हा एक मुलगा होता. त्या बाई माझ्याकडे बघत राहिल्या, मग मला काहीतरी विचारलं. इथली भाषा मला येत नाही, पण आमच्या वडिलांचं काय केलंत, असाच तो प्रश्न असणार. मी सवयीने मान हलवली. त्याने परिस्थिती बिघडली.

माझी माणसं पेंग्विनच्या काचेपाशी सापडली. दोन मोठे निळे, एक लहान, आणि चौथे एक आजोबा, टोपी नाकापर्यंत. आपली नात त्यांच्या खांद्यावर. मुलगा बागेच्या नकाशात डोकं घालून उभा. त्याने माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. "बाबा, तुम्ही? मग हे कोण?"

"मला माहीत होतं," नात वरून म्हणाली.

"मग सांगितलं का नाहीस?"

"हे खांद्यावर घेतात."

आजोबांची अदलाबदल झाली. आम्ही दोघांनी हस्तांदोलन केलं, गाडी सोपवताना करतात तसं. जाताना त्या गृहस्थांनी सूनबाईचे दोन्ही हात हातात घेतले आणि बराच वेळ काही बोलले. त्यांचे डोळे ओले होते. (पाऊसही होता.)

परतीच्या वाटेवर मुलगा म्हणाला, "अगं, तू तर दिवसभर त्यांच्याशी बोलत होतीस. एवढं काय बोलत होतीस?"

"काही नाही."

"सांग की."

"ज्यांना सांगायचं होतं त्यांना सांगितलं," ती म्हणाली. मग थांबली. "म्हणजे, नाही सांगितलं. जाऊ दे ना आता."

तर अशी स्थिती आहे. ज्या बाईमुळे मी राहायचं ठरवलं, ती दुसऱ्याची मुलगी निघाली. आणि माझ्या सुनेने मला जे काही सांगितलं, ते दुसऱ्याने ऐकलं आणि त्याने म्हणे मान हलवली. म्हणजे माझ्या वतीने कशाला तरी होकार गेला आहे. राहायला की जायला, ते फक्त सूनबाईला ठाऊक. आज सकाळी तिने विचारलं, चहा ठेवू? मी मान हलवली.

गुडघ्याला शेक घे. कठडा धर.

तुझा,
भाऊ

ता. क. : तू सूनबाईला फोन कर. तुझ्याशी ती बोलते. आडून विचार, ती त्या माणसाला काय म्हणाली. मी विचारलंय असं वाटू देऊ नकोस. पत्र खरं तर एवढ्यासाठीच लिहिलं.

ता. क. : खोली देऊ नकोस. किंवा मशीन ठेवू दे, पण खिडकीकडची बाजू मोकळी राहू दे.

ता. क. : पाकिटाला डिंक लावून टपालात टाकायचं काम सूनबाईकडे दिलं आहे. दुसऱ्यांची पत्रं वाचणारी ती नव्हे.

(वेगळ्या अक्षरात)

आत्या, नमस्कार. वाचलं गेलं. त्या आजोबांना मी आधी हाताने बोलावत एवढंच म्हणाले होते, "बाबा, नेहमी मागे मागे काय चालता? आमच्याबरोबर चला ना." ते लगेच पुढे आले. मग शेजारी कुणीतरी आहे म्हटल्यावर मी बोलतच राहिले. फोन करू नका, आणि शिंपीणबाईंना थोडं थांबायला सांगा. आज संध्याकाळी आम्ही बाजारात जाणार आहोत. मी बाबांच्या मागून चालणार आहे. पुढे मोजताना एक कमी भरला की ते थांबतीलच.