खांद्याऐवजी गन

१२ सप्टेंबर
काळी-पिवळी जीपचं मागचं चाक. धानाच्या बांधीतल्या चिखलाने नट असे गंजून बसलेले, की पान्याला पाईप लावून ओढलं तर नट जागचा हलला नाही, माझा खांदाच वाजला. शेवटी धनराजने सोडले. चुलतभाऊ असून सख्ख्यासारखा राबतो, पण दिवाळीनंतर नागपूरला शोरूममध्ये लागणार. मग लाखांदूरचं हे गॅरेज कोण ओढणार? डॉक्टर म्हणतात, ओढणं बंद करा, नाहीतर ऑपरेशन. ओढणं बंद म्हणजे शटर बंद. वैताग आलाय या हाडांचा.

१४ सप्टें.
बॅटरीवाली गन घ्यायची ठरवली. ती नट सोडेल, खांदा सुटेल. व्हिडिओ पाहिले. सगळे भामटे. पांढरे हातमोजे, कोरी गाडी, बोटांनी सुटतील असे नट, आणि वर 'जबरदस्त पॉवर'. डब्यावर ताकदीचा मोठा आकडा छापतात तो सोडतानाचा. आवळतानाचा कुठेतरी कोपऱ्यात, मुंगीएवढा. अर्ध्या गनांबरोबर बॅटरीच नाही, ती वेगळी घ्या म्हणे. उद्या चाकांशिवाय गाडी विकतील.

२४ सप्टें.
नागपूर. दुकानदाराचा सगळा जोर मोठ्या गनवर. म्हटलं, ही उचलायला खांदा लागतो, तोच तर नाही. शिवाय चाकाच्या मागे, शॉकअपजवळ हिचं तोंड शिरत नाही.
"काका, छोटी घ्याल तं पस्तावाल."
छोटी चालवून दाखव म्हटलं तर हवेत घुर्र फिरवली. हवेत पंखाही फिरतो. शेवटी दारात उभ्या त्याच्याच गाडीचा नट सोडायला लावला. त्याने तोंड वाकडं करून ती नटाला लावली. छोटीने सोडला, कुरकुर न करता. आखूड, एका हातात मावणारी. घेतली. येताना एसटीत मांडीवर ठेवली होती.

२५ सप्टें.
कुंदाने गन हातातून काढून देवघरात ठेवली. "नवमीले पूजा होऊ द्या, मंग हात लावा. तुमाले कायची घाई होऊन राहिली?"
बायकोशी कोण भांडणार, तेही नवरात्रात. गन देवापुढे आरामात आणि मी पाईपवर लोंबकळतोय.

१ ऑक्टो., खंडेनवमी
पाने, नटावर बसवायच्या गोट्या, जॅक धुऊन मांडले. झेंडू. कुंदाने गनवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं, तेही नेमकं हवेच्या जाळीवर. धनराजने दरवर्षीसारखा जॅकवर आपटून नारळ फोडला. गन शेजारीच. पाणी जाळीतून सरळ आत. मी अरे अरे करेपर्यंत हा भला माणूस वर अक्षता टाकत होता.

२ ऑक्टो.
चालवली. एकदा घुर्र, मग जळका वास. त्यात खोबऱ्याचाही. दसऱ्याचं गोडधोड ताटात तसंच राहिलं.

३ ऑक्टो.
दुकानदाराला फोन.
"पानी गेलं काय आत?"
"नारळाचं."
"वॉरंटीत नाही बसत, काका." मागे कोणीतरी हसलं.
धनराज म्हणतो, "दादा, तांदळात ठेव. मोबाईल नाही का सुकत?" ठेवली तांदळाच्या डब्यात. आता जाळीत कणीही शिरली असणार.
कुंदा: "म्या पुजली म्हणून बिघडली म्हनता काय?" मी डब्याचं झाकण लावलं. तेच म्हणायचं होतं.

२७ ऑक्टो.
धनराज काल नागपूरला गेला. आज नेमकी काळी-पिवळी, दोन चाकं काढायची. तांदळात सुकून पुन्हा चालू झालेल्या गनने पहिल्या चाकाचे नट सोडले, अगदी निमूट. शेवटच्यावर घुरघुरली, गरम झाली, थांबली. पाईप लावला. खांदा वर उचलला जाईना. ड्रायव्हर तंबाखू मळत माझ्याकडे बघतोय. इतकी लाज कधी वाटली नव्हती.
कुंदा जेवणाचा डबा घेऊन आली होती. डबा ठेवला, पदर खोचला, आणि माझा दुखरा खांदा धरून पाईपच्या टोकावर दोन्ही पायांनी उभी राहिली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. नट कर्र करून सुटला.
ड्रायव्हर म्हणाला, "वयनी, तुमीच चालवा आता गॅरेज." ती हसली नाही.
"दुसरं चाक बी हाय न?" मला विचारलं.
मी वर पाहिलं नाही. गोटी काढली आणि दुसऱ्या चाकाच्या नटाला लावली.