हॅचबॅक बचाव समितीचा अध्यक्ष

४ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळ.
पेपरात भयंकर बातमी. आमच्या गाडीची कंपनी छोट्या गाड्या कमी करणार. हॅचबॅकची काही मॉडेल्स बंद, यापुढे मोठ्या गाड्यांवर भर. चहा गार झाला. नऊ वर्षं जिला पोटच्या पोरीसारखं जपलं, तिच्याच मुळावर उठली ही मंडळी! बायकोला मथळा मोठ्याने वाचून दाखवला. तिने विचारलं, भाजी आणायला जाताय ना? हिला कशाचं गांभीर्य म्हणून नाही.

संध्याकाळ.
खालची बातमी वाचायची राहूनच गेली. तेवढ्यात पेपर कपाटात अंथरला गेला. असू दे. मथळ्यातच सगळं आलं.

५ फेब्रुवारी, बुधवार.
ऑफिसात फायलीआड बसून शांतपणे विचार केला. जे बंद पडतं ते दुर्मिळ होतं, आणि दुर्मिळ ते मौल्यवान. म्हणजे आमची गाडी आता नुसती गाडी राहिली नाही, ठेवा झाली. निश्चय: आजपासून गाडी बाहेर काढायची नाही. ऑफिसला बस.
शेजाऱ्याला हे सांगितलं. (त्याच्या नव्या अवाढव्य गाडीला आम्ही घरात रणगाडा म्हणतो.) तो म्हणाला, तुमचा मागचा दरवाजा फक्त आतून उघडतो, तोही ठेव्यात धरायचा का? जळतो मेला.

८ फेब्रुवारी, शनिवार.
लेकीला नोकरी लागली! नदीपलीकडच्या औषधांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत. ३ मार्चला हजर व्हायचं. इतका आनंद झाला की बाथरूममध्ये जाऊन डोळे पुसून आलो. साबण गेला म्हणून सांगितलं.
जेवताना तिने हळूच विषय काढला. शिफ्ट भल्या सकाळची, दोन बस बदलायच्या, पहिलीला जरा उशीर झाला की दुसरी चुकलीच. तेव्हा गाडी मी नेऊ का, बाबा? लायसन्स आहे तिच्याकडे. चालवतेही बरी. माझ्यापेक्षा बरी असं बायकोचं मत आहे, पण बायकोची मतं लिहीत बसलो तर रोजनिशी पुरायची नाही.
मी समजावलं की गाडी ही आता वापरायची वस्तू नव्हे. लेक म्हणाली, मग काय तिच्याकडे बघत बसायचं? शेवटी तोडगा मीच काढला. आधी कंपनीला वठणीवर आणतो. मॉडेल पुन्हा चालू झालं की आपली गाडी परत साधी, मग खुशाल ने. तीन आठवडे म्हणजे पुष्कळ झाले. मायलेकी एकमेकींकडे बघून हसल्या. माझ्या शब्दावर विश्वास बसला असावा.

९ फेब्रुवारी, रविवार.
हॅचबॅक बचाव समिती स्थापन. अध्यक्ष मी. बाकीची पदं तूर्त रिकामी. आमच्यासारखी गाडी दिसेल तिथे वायपरखाली समितीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची चिठ्ठी लावत दुपारभर हिंडलो. एका वॉचमनने हटकलं. चळवळीत हे चालायचंच.

१२ फेब्रुवारी, बुधवार.
ग्रुपवर सतरा जण! दातांचे डॉक्टर, एक शिंपी, पोहायला शिकवणाऱ्या बाई, शिवाय बरेच अनोळखी. माझा पहिला मेसेज ज्वलंत होता. शेवट ‘आज नाही तर कधीच नाही’ असा. त्यावर शिंप्याने विचारलं, कुणाकडे डाव्या बाजूचा आरसा आहे का? डॉक्टर म्हणाले, माझ्या एसीला ओल्या टॉवेलचा वास येतो, तुमच्या येतो का? सगळ्यांच्याच येतो. यावर रात्री जेवणापर्यंत चर्चा रंगली. एकजूट अशीच बांधली जाते.

१६ फेब्रुवारी, रविवार.
गाडीला कव्हर आणलं. दुकानदार म्हणाला, तुमच्या मापाचं आता येतच नाही. बघा! बातमीला दोन आठवडे होत नाहीत तोच बाजारात टंचाई. हात धुवून मागे लागले आहेत. मोठ्या गाडीचं कव्हर घेतलं. शेजारी म्हणाला, आत अजून एक गाडी मावेल, पोटभाडेकरू ठेवा.
लक्ष दिलं नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार.
लेकीने आज बसची रंगीत तालीम केली. दुसरी बस चुकली. पूल पायी ओलांडून गेली नि तशीच परत आली. टाचेला हा एवढा फोड. घरी येऊन पाय बादलीत सोडून बसली. मला फार वाईट वाटलं. घे गाडी, असं अगदी जिभेवर आलं होतं. पण समितीचा शोरूमवरचा मोर्चा तीन दिवसांवर असताना अध्यक्षानेच कच खाल्ली तर लोक काय म्हणतील? तिला माझे नवे मोजे दिले.
बायको दिवसभर बोलली नाही. रात्री भांडी मात्र बोलत होती.

२३ फेब्रुवारी, रविवार.
मोर्चाचा दिवस. सतराजणांपैकी चार गाड्या आल्या, माझी धरून. माझी आली असं म्हणणं तितकंसं बरोबर नाही. कव्हर काढलं, किल्ली फिरवली, टक् असा आवाज झाला आणि संपलं. बॅटरी उतरलेली. शिंपी, डॉक्टर, पोहण्याच्या बाई आणि लेक यांनी धक्का मारला. अध्यक्ष म्हणून स्टेअरिंगवर मी. तीनदा गेटपर्यंत नेली, पण ढिम्म. शेवटी शेजाऱ्याने दोरी बांधली. पुढे रणगाडा, मागे दोरीला आम्ही, आणि आमच्या काचेवर ‘मोठ्यांची दादागिरी चालणार नाही’. रस्त्यावरचे लोक टाळ्या वाजवत होते. जनमत आपल्या बाजूने आहे.
शोरूमचा मॅनेजर फार अदबीचा. पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, मॉडेल विचारलं आणि म्हणाला, बंद होणाऱ्यांत तुमचं नाव नाही.
विजय! मी टेबलावर मूठ आपटली. बाईंनी शिट्टी वाजवली (पोहण्याच्या क्लासची, गळ्यातच असते). मॅनेजर खाकरला. म्हणाला, साहेब, तुमचं मॉडेल चार वर्षांपूर्वीच बंद झालं.
मग शिंप्याला हसू फुटलं आणि मोर्चा पांगला. डॉक्टर मोठ्या गाडीची टेस्ट ड्राइव्ह घ्यायला गेले. शिंप्याला गोदामात जुना डावा आरसा मिळाला, त्याने मला मिठीच मारली.
परत निघताना लेक म्हणाली, बाबा, उतर जरा. ती बसली, मी ढकललं, दहा पावलांत गाडी चालू. तोवर इंजिन सैल झालं होतं, म्हणून.
घरी आल्यावर बायकोला विचारलं, तुला हे माहीत होतं? म्हणाली, गॅरेजमध्ये सांगितलं तेव्हा तुम्ही माझ्या शेजारीच उभे होतात की! काळ कुणासाठी थांबत नाही असं म्हणालात आणि वायपर बदलून घेतलेत.

२४ फेब्रुवारी, सोमवार.
म्हणजे चार वर्षं आपण ठेव्यातून कोबी वाहत होतो. तरी ठेव्याला काही झालं नाही. हा मुद्दा लेकीच्या बाजूने जातो. पूर्ण विचारांती निर्णय घेतला: गाडी तिची. थोडं गंभीर भाषण करून किल्ली पुढे केली. तिने पर्समधून दुसरी किल्ली काढून दाखवली. बायकोने ती ८ तारखेलाच दिली होती. नवी बॅटरीही सकाळीच बसवून झाली होती. तरी भाषण पुरं केलं.
पोरीने गळ्यात हात टाकले. साबण जवळपास नव्हता.

३ मार्च, सोमवार.
लेक वेळेवर निघाली. समितीचं अध्यक्षपद शिंप्याकडे दिलं. त्याने ग्रुपचं नाव बदलून ‘एसीचा वास’ ठेवलं, आता चाळीस जण आहेत.
मीही आज लवकरच्या बसने. सिग्नलला बस थांबली आणि शेजारी येऊन उभी राहिली आमची गाडी! स्वच्छ, लकाकणारी, आत लेक गाणं म्हणत होती. छाती अशी भरून आली की उभ्या उभ्या कंडक्टरला म्हणालो, ती बघा, ती गाडी माझी आहे.
कंडक्टरने गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, असेल हो, पण आधी तिकीट काढा.