तिरक्या उजेडातलं पान

४ फेब्रुवारी, सकाळ

प्रिय पाचर,

सप्रेम आशीर्वाद. आम्ही दोघं मजेत आहोत. तुम्हीही सगळे खुशाल असाल.

हा माझ्या आयुष्यातला पहिला ईमेल. वर ‘विषय’ म्हणून एक रकाना असतो. तो रिकामा ठेवला तर फोन पुन्हा पुन्हा विचारतो, म्हणून ‘खुशाली’ असं लिहून मोकळा झालो. एका बोटानं टाइप करतोय. पहिल्या दोन ओळींना चहाचा कप निवून गेला.

‘पाचर’ म्हटलं म्हणून हसू नकोस. शाळेत पोरं तुला सर म्हणत असतील, सुतारकामाचे गुरुजी म्हणून मान देत असतील. पण दोन माणसांच्या मधे बोटभर जागा नसली तरी घुसून बसणारं पोर माझ्यासाठी पाचरच. हे नाव बाबांनी ठेवलं, मी नाही.

तुझा ईमेल वाचला. पोरांना शिकवायला बाबांच्या मापांच्या वहीतली पानं हवीत, ‘असली तर’, असं लिहिलंस. त्या ‘असली तर’पाशी मी चष्मा काढून पुसला. तर ऐक, वही आहे. वाळवीनं खाल्ली आणि मी जाळली असं तुला म्हणालो होतो खरं, पण परवा सरसाच्या डब्यांचं कपाट हलवलं तर मागं सापडली. कडा थोड्या कुरतडल्यात. बाकी धडधाकट.

वही पोस्टानं पाठवायला जीव होत नाही. म्हणून जमेल त्या सकाळी काम सुरू करण्याआधी पाच-सहा पानांचे फोटो काढून पाठवीन. त्याहून जास्त जोडले की फोन ‘फाईल फार मोठी आहे’ म्हणून हात झटकतो. फोटो कारखान्याच्या खिडकीपाशी काढतो. रंधा मारलेली फळी आपण उजेडाला तिरकी धरून बघतो ना, तशीच वही धरतो. तुझी वहिनी म्हणते, “अहो, सगळं जग वरून सरळ काढतं फोटो!” पण हाताचं वळण काही जात नाही.

आज पहिली सहा पानं जोडली आहेत. बाबांचं अक्षर बघ. पेन्सिल नव्हे, लाकडावर पटाशीच चालवल्यासारखं.

तुझा,
दादा

४ फेब्रुवारी, दुपार

पाचर,

तू कळवलंस की सकाळच्या ईमेलला काहीच जोडलेलं नव्हतं. वहिनीनं माझी पुरती शोभा केली. “लिफाफ्यावर पत्ता छान लिहिलात, चिठ्ठी मात्र घरीच!” आता ते क्लिपचं चित्र दाबलं, फोटो निवडले, आणि वहिनीला साक्षीला बसवून पाठवतोय. आले का ते लगेच कळव. ती हललेली नाही.

दादा

१५ फेब्रुवारी

प्रिय पाचर,

आशीर्वाद. तुझे ईमेल मी वहिनीला मोठ्यानं वाचून दाखवतो. ‘दादा, सात फोटोंत तुझा अंगठा आलाय, पोरं विचारतात हे कुठलं अवजार’ यावर ती इतकी हसली की हातातली सुई खाली पडली आणि मग आम्ही दोघं अर्धा तास जमिनीवर सुई शोधत होतो. पोरांना सांग, ते आमच्या कारखान्यातलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात बोथट अवजार आहे.

खरं सांगू? हे काम मला फार आवडायला लागलंय. सकाळी कुलूप काढतो, काल पडलेला भुसा लोटतो, आणि मग खिडकीत वही उघडतो. प्रत्येक पानाशी बाबा थोडे भेटतात. बाराव्या पानावर त्यांनी टेबलाचं माप खोडून शेजारी ‘गाढवा, पुन्हा मोज’ असं स्वतःलाच लिहिलंय. तुला आणि मलाच तसं म्हणायचे असं वाटायचं इतके दिवस. आज छत्तीसपर्यंतची पानं पोचतील, म्हणजे वही संपली.

अठ्ठाविसावं पान का नाही, असं विचारलंस. कुरतडलेल्या भागात गेलं असावं. असो. इकडे हवा छान आहे. वाचनालयातल्या खुर्च्यांपैकी एक दुरुस्तीला आली आहे, ती करायची आहे. वहिनीचा गुडघा बरा आहे.

दादा

२२ फेब्रुवारी

प्रिय पाचर,

तुझं एकच वाक्य आलं: ‘दादा, एकोणतिसाव्या पानाचा फोटो सगळ्यात छान आलाय, उजेड काय सुरेख तिरका पडलाय.’ खाली सही ‘पाचर’. एकवीस वर्षांत ही सही पहिल्यांदा. मी हरखून गेलो. वहिनीला म्हटलं, “बघ, तू नावं ठेवत होतीस, गुरुजींनी शाबासकी दिली!”

तिनं फोन घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि बघतच राहिली.

“अहो, या कपाटाच्या मापांखाली आणखी काहीतरी आहे.”

“कुठं?”

“हे काय, कागदाला वळ उठलेत. खुर्चीचा पाय दिसतोय हा. आणि इथं लिहिलंय… धाकट्यानं…”

बाबा पेन्सिल इतकी दाबून चालवायचे की एका पानाचे वळ पुढच्या पानावर उमटायचे, हे तुला ठाऊक होतं, मलाही. फळीवरचा खळगा तिरक्या उजेडात लपत नाही, हे तर मीच तुला शिकवलं. आणि मीच तसा उजेड धरून फोटो काढला, क्लिप दाबली आणि माझी लबाडी माझ्या हातानं तुला पोचती केली.

वहिनी अगदी तशाच खुर्चीवर बसली होती, ती उठून उभी राहिली. “एकवीस वर्षं मी हिच्यावर बसून शिवण केलं, सगळ्यांना कौतुकानं सांगितलं, आमच्या ह्यांनी शोधली म्हणून. आणि ही भावजींची?” मग शिवण उचलून आत गेली आणि उभ्यानंच टाके घालू लागली.

आता सगळं सरळ सांगतो. वही कपाटामागं कधीच नव्हती. माझ्या पेटीत, जुन्या शर्टात गुंडाळलेली होती. अठ्ठाविसावं पान मी कापून वेगळं ठेवलं, पण फाडून टाकायचा धीर झाला नाही.

बाबा गेल्याच्या दुसऱ्या वर्षी वाचनालयाला साठ घडीच्या खुर्च्या दिल्या. पेपरवाला आला आणि त्यानं विचारलं, बिनखिळ्याचा हा सांधा कोणी काढला, माणूस बसला की आणखी घट्ट होतो तो? तू शेजारीच खुर्ची धरून उभा होतास. मी म्हणालो, “मी.” तू काही बोलशील म्हणून मी घाईनं हसलोसुद्धा. संध्याकाळी तू फक्त एवढंच म्हणालास, “दादा, वही काढ.” मी वाळवीचं सांगितलं. महिन्याभरात तू गाव सोडलंस. भांडला असतास तर सोपं गेलं असतं रे. मग लग्नकार्यात भेटलो, ‘बरा आहेस ना’ म्हटलं, संपलं.

का म्हणालो ‘मी’? घराचा भार माझ्यावर होता, कोणी कधी माझं नाव विचारलं नव्हतं, आणि त्या दिवशी विचारलं. कारण एवढंच आहे. सबब म्हणून सांगत नाही.

सोबत अठ्ठाविसावं पान जोडलंय. जोडलं गेलं ना ते तीनदा पाहिलं. सगळ्यात खाली बाबांनी लिहिलंय: ‘हा सांधा धाकट्याने काढला. एका दुपारीत. मला जमला नसता.’ हे शेवटचे तीन शब्द माझ्या पेटीत पडून राहिले आणि तू त्यांच्यावाचून राहिलास, हे मला फार लागतं.

वाचनालयात भिंतीवर माझ्या नावाची पाटी आहे. तिथल्या बाईंना हाच फोटो पाठवून पाटी बदला म्हणून लिहिलं, आणि त्याच ईमेलात तुझाही पत्ता घातलाय. म्हणजे मी पाठवलं की नुसतं पाठवीन म्हणालो, हे तुझं तुला दिसेल. कारखान्यातलं पेपरचं कात्रण उतरवलं. त्या खिळ्याला आता गुण्या टांगलाय, कोन तपासायला हाताशी बरा पडतो.

मन हलकं झालंय. आज चहासुद्धा गरम प्यायलो. वहिनीही बाहेर आली. पहिलं वाक्य, “भावजींना विचारल्याशिवाय त्या खुर्चीवर बसणार नाही.” तेव्हा तिला तेवढी परवानगी पाठव, शिवण उभ्यानं होत नाही.

आता शेवटचं, आणि हे सांगायला पानाहून जास्त जड जातंय. वाचनालयाची ती दुरुस्तीची खुर्ची आठ दिवस माझ्यासमोर आहे. सांधा सैल झालाय आणि मला तो बसवता येत नाही. साठ खुर्च्या मी तुझ्या मापांवरून उतरवून काढल्या, पण बसल्यावर तो घट्ट का होतो, हे मला कधी कळलंच नाही. विचारणार कोणाला?

म्हणून तुला विचारतोय. शाळेला सुट्टी लागली की ये. खिडकीपाशी तुझी जागा लोटून ठेवली आहे. पोरांना शिकवतोस तसं मलाही पहिल्यापासून शिकव, मधे बोलणार नाही.

वरच्या रकान्यात आज ‘विषय: तुझी खुर्ची’ असं लिहिलंय.

तुझा नवा विद्यार्थी, वयानं मोठा,
दादा