उजवी पापणी

विश्रांतवाडी, पुणे
१२ जानेवारी २०२५

ति. बाबांस, स. जयभीम, वि. वि.

फोनवर कितीही ओरडलं तरी तुम्हाला ऐकू जात नाही आणि शेजाऱ्यांना सगळं कळतं, म्हणून लिहिते आहे. ऑक्टोबरात मी दोन्ही वरच्या पापण्यांची शस्त्रक्रिया करून घेतली. लोंबणारी कातडी काढायची होती. वर्गातल्या मुली रोज विचारायच्या, मॅडमची झोप झाली नाही का. तुम्हाला विचारलं नाही, कारण तुम्ही नको म्हणाला असता.

डावा डोळा छान झाला. उजवीकडे डॉक्टरांनी कातडी जास्त काढली, तो पूर्ण मिटत नाही. त्यात माझं शहाणपण असं, की टाके निघाल्याबरोबर विपश्यनेच्या शिबिराला जाऊन बसले. डोळ्याची आग होत होती आणि मी मौन पाळून, ही संवेदनाही अनित्य आहे, असं म्हणत तिच्याकडे बघत राहिले. बाहेर आले तेव्हा बुबुळावर ओरखडा होता. तपासणारे डॉक्टर म्हणाले, डोळ्यात औषध घालू नका असं बुद्धांनी कुठे सांगितल्याचं त्यांच्या तरी वाचनात नाही.

ओरखडा भरला. आता दुसऱ्या एका डॉक्टरबाई पापणी दुरुस्त करायला तयार आहेत. व्रण मऊ झाला की एप्रिलात करू म्हणतात. माझा विचार जवळजवळ पक्का आहे. चेतन मात्र आईने आता पुरे करावं म्हणतो. तुमचं मत कळवावं. लोभ आहे, तो हे वाचून झाल्यावरही असू द्यावा.

आपली,
आम्रपाली

सातारा
२० जानेवारी

चि. आम्रपालीस, अ. उ. आ.

चेतनने पाठवलेला फोटो मी आधीच पाहिला होता. सूनबाईंना विचारलं, ही बाई कोण. कोणीतरी मागून दचकवल्यासारखी दिसतेस.

वाईट वाटलं, ते लपवत नाही. ते डोळे तुझ्या आईचे होते. ती गेल्यावर तू समोर येऊन बसलीस की मला बरं वाटायचं. ते तू कापून टाकलेस आणि मला पत्ता नाही. आता पुन्हा सुरी लावून ते परत येणार आहेत का? नातू बरोबर सांगतो. मत विचारलंस म्हणून लिहितो, नको. राग आहे, पण माया आटलेली नाही.

तुझा,
बाबा

पुणे
२ फेब्रुवारी

ति. बाबांस, स. जयभीम, वि. वि.

तुमचं पत्र वाचून रडले. तरी करणार आहे. आईचे डोळे परत येणार नाहीत, हे मला कळतं. कानामागची कातडी घेऊन ती पापणीला जोडायची आहे. ठिगळ थोडं दिसेल, दोन्ही डोळे सारखे होतीलच असं नाही, हे बाईंनी आधीच सांगून टाकलं. मी चालेल म्हटलं. पहिल्यांदा चांगलं दिसण्यासाठी गेले होते, आता मला डोळा मिटायला हवा आहे. रोज मलम भरून, पट्टी चिकटवून झोपते. ती सुटली की सकाळी डोळा लालभडक. असंच चालू राहिलं तर बुबुळावर डाग पडून नजर जाऊ शकते.

विहारात ध्यानाला बसले की मुलं एकदम गप्प बसतात. त्यांना वाटतं, मॅडमचं लक्ष आहे. तेवढाच एक फायदा, तोही सोडायची माझी तयारी आहे.

बाबासाहेबांची जयंती झाली की लगेच शस्त्रक्रिया आहे. तुम्ही आलात तर धीर येईल. नाही आलात तरी मी जाणार. आपला आशीर्वाद मी मिळाला असंच धरून चालले आहे.

आपली,
आम्रपाली

सातारा
१० फेब्रुवारी

चि. आम्रपालीस, अ. उ. आ.

नजर जाऊ शकते, हे पहिल्याच पत्रात लिहायचं. मास्तरीण असून महत्त्वाचं शेवटी सांगतेस.

तुझ्या आईला आठवत बसलो होतो. शेवटी शेवटी ती एका बोटाने पापणी वर धरून दुसऱ्या हाताने तांदूळ निवडायची. मला ती तिची लकब वाटायची. ज्या डोळ्यांसाठी मी तुझ्यावर रागावलो, त्यांतून तिला धड दिसत नव्हतं. असं काही करता येतं हे तेव्हा कळलं असतं, तर तिला मीच पुण्याला घेऊन आलो असतो.

करून घे. जयंती आटोपली की मी येतो. ठिगळ दिसलं तर दिसू दे. तू झोपलीस की शेजारी खुर्ची टाकून बसणार आहे. दोन्ही डोळे मिटलेले मला स्वतः बघायचे आहेत.

तोवर पट्टी नीट लावत जा.

तुझा,
बाबा