बाव बुजली, पोशाख आला

८ एप्रिल, मंगळवार. एकादशी.

आलेला माल: साबुदाणा एक किलो, सत्तर रुपये. शेंगदाणे अर्धा किलो, ऐंशी. देवाच्या वाती, वीस. आणि पोहण्याचा पोशाख – बाराशे एकोणपन्नास!

शेवटची वस्तू मी मागवली नाही, सुनेने मागवली. नेत्राने फोन पुढे धरला – "आई, तुम्ही नुसतं हो म्हणा." मी हो म्हटलं. किंमत नंतर विचारली. उपासाच्या दिवशी डोकं चालत नाही.

निळा आहे. मनगटापासून घोट्यापर्यंत अंग झाकतो, टोपी वेगळी. अठरा तारखेपर्यंत परत घेतात, टॅग काढलेला नसला तर. टॅग तसाच ठेवलाय. पोशाख पिठाच्या डब्यामागे. यांना अजून सांगितलेलं नाही.

९ एप्रिल

का घेतला ते लिहून ठेवते. उद्या मलाच पटायचं नाही.

रविवारी पालेगावला माहेरी गेले होते. घरामागची बाव बुजवली. नेत्रा विहीर म्हणते, आम्ही बावच म्हणायचो. तिथे शेजारच्या नव्या टॉवरमधल्या लोकांच्या गाड्या उभ्या राहणार. भाऊ जनू म्हणाला, "ताई, कोण शेंदत होतं पाणी? डास नुसते." खरं आहे. त्याला दोष नाही.

पण परत येताना रिक्षात एकच मनात – आता मी पोहणार कुठे? माझं मलाच हसू आलं. लग्न झाल्यापासून पाण्यात उतरले नाही. सासरी सुनांनी पोहायची पद्धत नव्हती. तरी बाव होती तोवर वाटायचं, कधीतरी.

आमच्या शिरगावच्या सोसायटीत तलाव आहे. त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये जातातच. दुपारी बायकांची वेळ असते. साडीत उतरू देत नाहीत. म्हणून पोशाख.

एकदा पोहायचंय. अजून येतं का ते बघायचंय. बस.

१० एप्रिल

यांना सांगितलं. आधी म्हणाले, "या वयात?" मग म्हणाले, "लोक काय म्हणतील?" मग, "सर्दी होईल." एकामागून एक तीन कारणं दिली, म्हणजे खरं त्यात एकही नाही.

"नको म्हणता, पण का ते सांगत नाही."

"सांगितलं ना, नको." पेपर उघडला. वाचत नव्हते.

११ एप्रिल

नात तेजस्वी विचारत होती, "आजी, तुमच्याकडे कोच कोण होता?"

कोच! तुळशी होती. माझी चुलत बहीण, माझ्याहून थोडी मोठी. तुपाचा रिकामा डबा, झाकण मेणाने बंद केलेलं, तो सुंभाने पाठीला बांधायची. मी रडायला लागले की म्हणायची, "आगो, भितंस कनाला? बाव काय खातं तुला?" दुसऱ्या उन्हाळ्यात डबा सुटला. मग आम्हाला कोण आवरतो! कैऱ्या पाण्यात टाकायच्या आणि बुडी मारून काढायच्या. एकदा वहिनीची पितळी कळशी तळाला गेली. पोरं नुसती वर उभी राहून सल्ले देत होती. तुळशी आणि मी दोघींनी मिळून काढली. वहिनीने बक्षीस म्हणून गूळ दिला, वर धपाटाही दिला.

आई हुशार. घरी आलो की हातावर नखाने रेघ ओढायची. पांढरी उमटली की पाण्यात होतो हे सिद्ध. परकर पेंढ्यावर वाळवून काय उपयोग? मग तुळशीने युक्ती काढली – येताना हाताला खोबरेल चोळायचं, म्हणजे रेघ उमटत नाही. आईने रेघ ओढली, काही दिसेना. मग तिने हाताचा वास घेतला! "देवाचं तेल संपतं कसं, ते आज समजलं."

तेजस्वी हसून लोळली. म्हणाली, "मग आजोबा कुठे पोहायचे?" हे उठून गॅलरीत गेले.

१३ एप्रिल, रविवार

उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये गेले होते, तेजस्वीचे गणवेश आणायला. तिथे तसाच पोशाख टांगलेला. सिंधी शेठ म्हणाले, "अम्मा, पोती के लिए?"

"मेरे लिए."

शेठने हातातली मोजपट्टी खाली ठेवली. मग नोकराला म्हणाले, "अरे, अम्मा को पंखे के नीचे बिठा." साडेसहाशे सांगितले, टोपीसकट. घासाघीस केली असती तर पाचशेला दिला असता. शेअर रिक्षात बसले तरी डोकं तापलेलं. घरचा परतच करणार. एकदा वापरून.

१५ एप्रिल

उतरले!

पण आधी फजिती. बावीत उतरायच्या आधी आम्ही हळदकुंकू वाहायचो. पाण्याला न विचारता त्यात पाय घालायचा नाही, असं आईने शिकवलेलं. पुडी टॉवेलात बांधून नेली. पायरीवर बसले, हात जोडले, हळदकुंकू वाहिलं, जास्वंद सोडली. मैत्रेयी – पोहायला शिकवते ती मुलगी – धावत आली. "आजी, फिल्टर! फिल्टरमध्ये जाईल ते!" पाण्यात पिवळा ढग. सगळ्या बायका बाहेर निघाल्या, मैत्रेयी जाळी घेऊन फूल पकडतेय. वरच्या खिडकीतून सेक्रेटरी विक्रांत ओरडला, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही सर, साफसफाई." गुणी पोर.

मग हळूच मला म्हणते, "आजी, मानेमागे टॅग लटकतोय."

"राहू दे. परत करायचाय."

"भिजल्यावर कोण परत घेणार, आजी?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मॅट्रिक झालेली बाई, पै न् पैचा हिशेब ठेवणारी! तिने कात्री आणली. एकवीरा आईचं नाव घेतलं आणि उतरले.

डोकं आत घातलं. कान बंद झाले. हातांना सगळं आठवत होतं. पाय विसरले होते, मग तेही कामाला लागले. पाण्याला औषधाचा वास, बावीच्या पाण्याला पानांचा यायचा. बावीचा तळ कधी दिसला नाही, इथे लादी न् लादी दिसते. पण अंग हलकं होतं ते तसंच. या टोकापासून त्या टोकाला गेले. मग राहवेना म्हणून तळाला हात लावून आले.

वर आले तर जाळीच्या दाराबाहेर हे उभे. हातात माझा दुसरा टॉवेल. तोंड पांढरं पडलेलं.

"किती वेळ आत होतीस!"

"थोडाच."

"थोडा नव्हता." जाळीवरून टॉवेल आत दिला.

१६ एप्रिल

सकाळी चहा घेताना स्वतःहून बोलले. लहानपणी यांच्या गावची पोरं उल्हास नदीवर जायची. हे काठावर बसून सगळ्यांचे कपडे सांभाळायचे. एकदा कोणीतरी मागून ढकललं. सोमा म्हणून मित्र होता, त्याने केसांना धरून बाहेर काढलं. त्यानंतर नदीवर गेलेच नाहीत. आईला सांगितलं नाही, मला नाही, मुलाला नाही.

आता कळलं! अलिबागला गेलो तेव्हा सगळ्यांच्या चपला घेऊन बसले होते. मला वाटायचं, वाळू आवडत नाही.

म्हणाले, "तू खाली गेलीस आणि वर येईनास. मी नुसता उभा. मला उडीसुद्धा मारता आली नसती गं."

मी बिस्किटांची बशी पुढे केली. आज त्यांनी माझ्या वाटणीचीही खाल्ली. खाऊ दे.

१७ एप्रिल

देवाला दिवा लावत होते. मागून म्हणाले, "रविवारी सकाळी घरच्या सगळ्यांना एकत्र उतरू देतात. विक्रांतला विचारलं मी." मग म्हणाले, "पोहायला शिकणाऱ्या त्या पोरांसमोर नको. तू शिकव."

तुळशीला कार्ड टाकलं. मुरबाडकडे असते, फोनवर तिला ऐकू येत नाही. लिहिलं:

"तुळशे, यांना पोहायला शिकवायचंय. हसू नकोस. बाकी सगळं आठवतं, एकच आठवत नाही. पहिल्या दिवशी तू माझा हात धरला होतास, तो सोडलास कधी? सांगून सोडलास की न सांगता? उलट टपाली कळव."